नदीचा आवाज गेला

शेवटच्या दिवशी नाकिमेराबाई गाणं म्हणत डोंगर उतरत होत्या. आठवडाभर चिखल, पाऊस आणि वरचा बर्फ सोसून झाल्यावर आता उरलं होतं काय, तर बांबूचं रान, नदीवरचा लाकडी पूल, पलीकडची घळीतली वाट आणि घळीच्या तोंडाशी इहांदा गाव. गावाच्या वरच्या अंगाला जंगलखात्याचं फाटक होतं. तिथे जीप येऊन थांबलेली असणार होती. बाईंचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता, पण तोंडाला विसावा नव्हता.

"बिरा, घरी गेल्यावर मी काय करणार, सांगू? आधी कढत पाण्याने आंघोळ. मग उकडलेल्या केळ्यांचं मटोके, शेंगदाण्याच्या रश्शात बुडवून. मग झोप. आणि कुणी दार वाजवलं तर त्याचं डोकं फोडणार."

"तुमचाच मुलगा असला तर, न्याबो?" बिराने विचारलं. न्याबो म्हणजे बाईसाहेब.

"त्याचं आधी. 'आई, या वयात डोंगर कसले चढतेस,' म्हणून माझं डोकं त्यानेच खाल्लंय."

मागून सामान घेऊन येणारा थेंबो खदखदून हसला. बाकीचे हमाल तंबू आणि भांडीकुंडी घेऊन सकाळीच पुढे गेले होते. बाईंच्या गुडघ्यामुळे हे तिघे मागे पडले होते. बाई कंपालाच्या. उभा जन्म सरकारी दवाखान्यात बायकांची बाळंतपणं करण्यात गेलेला. निवृत्त झाल्या आणि लहानपणापासून मनात असलेला र्‍वेंझोरीचा बर्फ बघायला एकट्याच निघून आल्या. बिराने गाइड म्हणून पुष्कळ माणसं वर नेली होती, पण इतकी बडबडी आणि इतकी न कुरकुरणारी बाई तिला पहिल्यांदाच भेटली होती.

रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी झोपडीत चहा घेताना जमीन हलली, कप बाकावरून सरकत कडेला आला. "डोंगराने कूस बदलली," असं म्हणून थेंबोने तो झेलला. त्या मुलखात जमीन हलण्याचं कुणाला फारसं अप्रूप नव्हतं. बाईंनी मात्र "बापरे" म्हणून दोन्ही हातांनी बाक धरला होता.

बांबूच्या रानात शिरल्यावर बराच वेळ बिराला काहीतरी खटकत होतं. काय ते कळत नव्हतं. बाईंनी गाण्याचं कडवं संपवलं, श्वास घेतला, पुन्हा सुरुवात केली, आणि बिरा जागच्या जागी थांबली.

गाणं इतकं स्वच्छ ऐकू कसं येतंय?

या रानात कधी कुणाचं गाणं ऐकू येत नसे. इथून खाली नदीचा आवाज सुरू व्हायचा तो इतका की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. न्यामुसुले नदी भर उन्हाळ्यातसुद्धा गप्प बसत नसे, आणि आता तर रात्रभर पाऊस झालेला.

"थेंबो, नदी ऐकू येतेय तुला?"

थेंबोने मान तिरकी केली. "नाही. वारा उलटा असेल."

वारा नव्हताच. बांबूचं एक पान हलत नव्हतं.

ते काठाशी पोचले तेव्हा पूल होता तिथेच होता, पण त्याच्याखाली नदी नव्हती. काळे, ओले, हत्तीएवढे दगड उघडे पडले होते. त्यांच्या मधल्या डबक्यांत मासे तडफडत होते. दगडांवर पाण्याची जुनी रेघ माणसाच्या छातीइतक्या उंचीवर दिसत होती, आणि रेघेखाली शेवाळ अजून ठिबकत होतं. म्हणजे पाणी नुकतंच गेलं होतं.

"घ्या!" थेंबो म्हणाला. "आज पुलाचीसुद्धा गरज नाही. न्याबो, चला, मासे धरू. रात्रीची सोय झाली."

तो खाली उतरायला निघाला. नाकिमेराबाई मात्र काठीवर भार देऊन उभ्या होत्या. गाणं थांबलं होतं.

"पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "रात्रभर एवढा पाऊस पडला. ते पाणी गेलं कुठं?"

नेमकं तेच बिराच्या मनात चाललं होतं आणि दुसर्‍याच्या तोंडून ऐकल्यावर ते खरं वाटायला लागलं. नदीच्या वरच्या अंगाला, खूप लांब एका कड्यावरून ओढा पडताना दिसत होता, तांबडा, फुगलेला. म्हणजे पाणी आटलेलं नव्हतं. वर कुठेतरी दरड घसरली होती, नदीच्या तोंडात बूच बसल्यासारखी, आणि तिच्यामागे पाणी साठत होतं. किती साठलं होतं आणि ती दरड किती वेळ तग धरणार होती, हे कुणाला ठाऊक?

"थेंबो, वर ये."

"अगं, एक मोठा—"

"वर ये म्हणते ना!"

तिचा आवाज ऐकून तो मुकाट्याने वर आला. तिने दोघांना मागे वळवलं. बाईंना जवळजवळ ओढतच त्यांनी पुन्हा बांबूच्या रानात, काठापासून खूप वर एका रुंद खडकावर नेलं. बाई वाटेत दोनदा कण्हल्या. फोन लावून बघितला. या भागात तो कधीच लागत नसे, तसा आजही लागला नाही.

खडकावर बसल्यावर बाईंनी विचारलं, "खाली गाव आहे ना?"

"आहे."

"नदीपासून किती लांब?"

बिराने बुटांच्या नाड्या आवळल्या. इहांदाच्या बायका नदीवर धुणं धुवायच्या. पुरुष नदीतली वाळू काढायचे. नदी अशी कोरडी पडल्यावर ते सगळे या घटकेला कुठे असतील, हे सांगायला नको होतं.

"मी जातो," थेंबो म्हणाला. म्हणाला खरा, पण जागचा हलला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. त्याला घळीची भीती आधीपासूनच होती. त्याचा थोरला भाऊ तिथेच पाय घसरून गेला होता.

"तू न्याबोंपाशी थांब. काहीही झालं तरी खाली उतरायचं नाही. मी नाही आले तर उद्या मागे फिरून डोंगराच्या धारेवरच्या लांबच्या वाटेने त्यांना घेऊन जा."

आणि मग नाकिमेराबाईंनी तिचं मनगट धरलं. आठवडाभर हसतमुख असलेली ती बाई एकदम म्हातारी दिसायला लागली.

"मला सोडून जाऊ नकोस, बिरा. गाइडने पाहुण्याला सोडायचं नसतं, तूच सांगितलंस पहिल्या दिवशी."

"हो."

"मला भीती वाटतेय गं."

"मलाही."

बाईंनी मनगट आणखी थोडा वेळ धरून ठेवलं. मग झिडकारल्यासारखं सोडलं आणि तोंड फिरवलं. "जा. जायचं तर लवकर जा. बघत काय बसलीस?"

बिराचं स्वतःचं घर पलीकडच्या धारेवर होतं, नदीपासून दूर. तिची आई, तिची दोन मुलं, शेळ्या, सगळे सुखरूप होते. ती त्या खडकावर बसून राहिली असती तरी तिला कुणी एका शब्दाने बोलू शकलं नसतं. पुलावरून जाताना हा विचार तिच्या मनात आला, अगदी स्पष्ट आला, आणि पूल ओलांडून होईपर्यंत तो तिच्याबरोबर चालत राहिला.

घळीतली वाट नदीच्या कुशीतूनच जाई. एका बाजूला सरळ कातळ, दुसर्‍या बाजूला नदी. मध्ये जेमतेम दोन माणसांना पुरेल एवढी जागा. मागून पाणी आलं तर वर चढायला जागा नाही, पळायला वाट नाही. एरवी ती इथे पाहुण्यांना थांबवून फोटो काढू द्यायची. आता तिला स्वतःच्या बुटांचा आवाज कड्यावर आपटून परत येताना ऐकू येत होता, आणि दर वेळी वाटत होतं की मागून कुणीतरी येतंय.

ती पळत होती. चिखलात घसरत होती, उठत होती. डबक्यात एखादा मासा फटकन शेपटी आपटायचा आणि ती दचकायची. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी ती वळून बघत होती. मागे काहीच नव्हतं. काळे दगड, धुकं आणि ती भयाण शांतता. आवाज आला असता तर बरं वाटलं असतं, असं तिला वाटून गेलं. लगेच तिने ते मनातून पुसून टाकलं.

निम्मी घळ झाली असेल नसेल, तोच वरच्या अंगाला काहीतरी कडाडलं.

बिरा कातळाला चिकटली. डोळे गच्च मिटले. दोन्ही हातांनी दगड धरला, नखं त्यात रुतवली. आता येणार, आता आपल्याला उचलणार, असं म्हणत ती थांबली. पायांतून ऊब खाली उतरली. आपल्याला लघवी झाली हे तिला कळलं आणि त्याची लाजही वाटली नाही. एक धोंडा कुठूनतरी गडगडत आला, नदीच्या पात्रात आपटून फुटला, आणि पुन्हा सगळं गप्प झालं.

फक्त धोंडा होता.

पाय उचलेचनात. ती स्वतःला शिव्या द्यायला लागली, मोठ्याने, आईबापांवरून. त्या शिव्यांच्या जोरावरच बहुतेक पहिलं पाऊल पडलं. मग दुसरं.

घळ संपली आणि समोर इहांदा दिसलं. तिला वाटलं होतं त्याहून वाईट होतं. निम्मं गाव नदीच्या पात्रात उतरलेलं होतं. बायका ओच्यात, टोपल्यांत, घमेल्यांत मासे भरत होत्या. पुरुष फावड्यांनी वाळूचे ढीग लावत होते. इतकी स्वच्छ, इतकी सोपी वाळू कधी मिळाली नव्हती. हसणं, ओरडणं, एकमेकांना मासे फेकून मारणं, जत्रा भरावी तसा कल्ला.

"बाहेर निघा!" बिरा ओरडली. "वर चढा! पाणी येतंय!"

जवळच्या काहींनी मान वर करून बघितलं. चिखलाने माखलेली, केस सुटलेली, ओली बाई.

"कुठंय पाणी?" कुणीतरी विचारलं.

"वर अडलंय. दरड पडलीय. फुटलं की सगळं खाली येईल!"

कुले नावाचा म्हातारा वाळूच्या ढिगावर बसून बिडी ओढत होता. गावात बोलण्यात त्याला कुणी हरवू शकत नसे. "ही धारेवरची गाइडीण ना?" तो म्हणाला. "बर्फ डोक्यात गेलेला दिसतोय. आणि तुझा पाहुणा कुठाय गं? रानात विकून आलीस?"

हशा पिकला.

"आजोबा, तुमच्या पाया पडते. पोरांना घेऊन वर जा."

"जन्मात पहिल्यांदा डोंगरदेव खूश झालाय आमच्यावर. तूही घे चार मासे आणि गपगुमान घरी जा. कपडे बदल आधी, वास येतोय."

पुन्हा हशा. दोन-तीन म्हातार्‍या बायका मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपापल्या टोपल्या उचलल्या आणि काठाकडे निघाल्या. बाकीचे कामाला लागले. बिरा एकेकाचा दंड धरून ओढायला लागली. लोक हात झटकत होते. एकाने तिला ढकललं, ती वाळूत पडली. पडल्या पडल्या तिला तळहाताखाली वाळू थरथरल्यासारखी वाटली. भासही असेल.

चार हातांवर एक लहान मुलगी दगडावर बसली होती. दोन-अडीच वर्षांची असेल. मांडीवर मासा घेऊन त्याच्याशी काहीतरी बोलत होती. तिची आई पाठमोरी, ओणवी.

पुढे लोकांनी बिराला कितीदा तरी विचारलं, तुला ते सुचलं कसं? तिला कधीच सांगता आलं नाही. ती उठली, तिने त्या मुलीला काखेत मारलं आणि काठाकडे पळत सुटली.

मुलगी किंचाळली. आईने वळून बघितलं.

"माझी पोर! अरे, पोर पळवली! धरा तिला! धरा!"

त्या वर्षी खोर्‍यात मुलं पळवणार्‍यांची आवई उठली होती. चार महिन्यांपूर्वी बाजाराच्या वाटेवर एका भांडी विकणार्‍या परक्या माणसाला लोकांनी नुसत्या संशयावरून इतकं मारलं होतं की तो दवाखान्यात पोचला नाही. बिराने ते प्रेत पाहिलं होतं. पाठीमागून तोच आवाज उठलेला तिने ऐकला. हशा नव्हे, कल्लाही नव्हे. शंभर माणसांच्या घशातून एकदम निघालेला. फावडी आपटल्याचा, टोपल्या टाकल्याचा आवाज, आणि मग पावलं.

आता तिला पाण्याची भीती वाटत होती की माणसांची, ते तिलाच कळत नव्हतं. ती कॉफीच्या मळ्यातून चढायला लागली. मुलगी चावत होती, ओरबाडत होती. छाती फुटेल असं वाटत होतं. पहिला दगड खांद्यावर बसला. दुसरा कानामागे. डोळ्यांसमोर काजवे चमकले, मानेवरून काहीतरी गरम वाहायला लागलं.

"थांब, चोरटे!"

"पाय मोडा तिचे!"

शाळेच्या कुंपणापाशी ती कोसळली. मुलीला पोटाखाली घेऊन ती गुडघ्यांवर वाकली, डोकं हातांत झाकलं. मुलीच्या आईने, काबुघोने, येऊन तिचे केस धरले आणि मागे खेचले. कुणीतरी पाठीत लाथ घातली. कुणाचं तरी फावडं वर गेलेलं तिला तिरक्या नजरेने दिसलं. आपण आता मरणार, आणि मूर्ख म्हणून मरणार, एवढंच तिच्या मनात आलं, कारण पाणी तर आलंच नव्हतं.

मग वारा आला.

घळीच्या तोंडातून थंड, ओल्या मातीचा वास असलेला वारा आला आणि मळ्यातली सगळी झाडं एका बाजूला झुकली. फावडं वरच राहिलं. त्यामागून आवाज आला. आवाज कसला, जमिनीच्या पोटातून उठलेली घरघर. आत कुठेतरी झाडं काडकन मोडत होती. आणि घळीतून पाणी नव्हे, तर काळी, उभी, चालती भिंत बाहेर पडली. तिच्यात आख्खी झाडं उभीच्या उभी गरगरत होती.

कुणी ओरडलं नाही. तेवढा वेळच नव्हता.

कुले म्हातारा तेवढा खाली राहिला होता. त्याचे दोन्ही मुलगे वर, लोकांबरोबर, पळत आले होते. तो उभा राहिला, घळीकडे बघितलं, आणि वाकून आपलं फावडं उचललं. का उचललं कुणास ठाऊक. वाकलेला होता तेवढ्यात त्या जागेवर तो नव्हता, वाळूचा ढीग नव्हता, पलीकडच्या काठावरची चार घरंही नव्हती.

पाणी शाळेच्या खालच्या पायरीपर्यंत चढलं आणि तिथून ओसरायला लागलं.

काबुघोच्या मुठीत बिराचे केस तसेच होते. तिने हळूहळू मूठ उघडली. बिराच्या पोटाखालून मुलीला काढून घेतलं, छातीशी धरलं आणि तिथेच मटकन बसली. ती बिराकडे बघत नव्हती. कुणीच बघत नव्हतं. ज्याने फावडं उगारलं होतं त्याने ते कुंपणाला टेकवून ठेवलं, फार हळू, आवाज होऊ नये असं.

तिसर्‍या दिवशी नाकिमेराबाई धारेवरच्या वाटेने फाटकात आल्या, थेंबोच्या पाठीवर बसून. जीप तिथे होती, ड्रायव्हर होता, त्यांचा कंपालाहून धावत आलेला मुलगाही होता. त्यांनी कुणाला काही बोलू दिलं नाही. आधी बिराच्या कानामागची जखम उघडून बघितली.

"हे कुणी शिवलं? खाटकाने?"

"आरोग्य केंद्रातल्या पोराने."

"तरीच म्हटलं." त्यांनी जखम धुतली, नवी पट्टी बांधली. "तो आवाज आला तेव्हा वाटलं, तू गेलीस. तुला किती शिव्या दिल्या मी, बिरा. मला सोडून गेलीस म्हणून. त्या थेंबोला विचार."

"सगळ्या लुगांडा भाषेत होत्या," थेंबो म्हणाला. "निम्म्या मला कळल्याच नाहीत."

बाई हसायला लागल्या आणि रडायला लागल्या. मुलाने त्यांना जीपमध्ये बसवलं. असा त्यांचा प्रवास संपला.

कुलेचं प्रेत सापडलं नाही. त्याच्या धाकट्या मुलाने, म्बुसाने, पुढे एकदा रस्त्यात बिराला गाठलं. दारू प्यायलेला होता. "पोर उचललीस," तो म्हणाला, "बापाला माझ्या का नाही उचललंस?" बिरा उभी राहिली. तो झोकांड्या देत निघून गेला.

पाऊसकाळ सरल्यावर नवा पूल बांधला, आणि ती पुन्हा माणसं वर न्यायला लागली. घळीत आता ती कुणाला थांबू देत नाही. पाहुणे विचारतात, फोटो काढू का, तर ती म्हणते, पुढे याहून चांगली जागा आहे. पुढे तशी जागा नाही.

एकदा बाजारात कसावा घेताना समोरून काबुघो आली. पाठीवर बांधलेली ती मुलगी, म्बांबू. मुलीने बिराला बघितलं आणि तिचा चेहरा वाकडा झाला. ती किंकाळी फोडून आईच्या पाठीत तोंड खुपसून रडायला लागली. लोक वळून बघायला लागले. बिराच्या हातातून पिशवी सुटली. तिने नकळत दोन्ही हात वर केले होते, रिकामे, सगळ्यांना दिसतील असे.

काबुघोने वाकून पिशवी उचलली, तिच्या हातात दिली.

"ती भिते तुला," ती म्हणाली. मग म्हणाली, "मीही भिते अजून. रात्री स्वप्नात तू तिला घेऊन पळतेस, आणि मी तुला गाठते."

बिराने पिशवी छातीशी धरली. "मोठी होईल तेव्हा जाईल भीती," ती म्हणाली.

"होईल मोठी," काबुघो म्हणाली, आणि मुलीच्या पाठीवर थोपटत, गर्दीतून वाट काढत निघून गेली.